आईला दिसायला लागणार!

आईच्या मोतीबिंदूचा फायदा आमच्या घरात आई सोडून सगळ्यांना होत होता. हे आधी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. डॉक्टरांनी तिच्या उजव्या डोळ्यात बॅटरी मारून "आजी, आता काढून टाकू या" म्हटलं, तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. ती शांतता काळजीची आहे असं डॉक्टरांना वाटलं असणार. आम्हालाही तसंच वाटलं. रात्री जेवताना मात्र चिरंजीवांनी ताटातून मान वर न करता विचारलं, "म्हणजे आता आजीला सगळं दिसायला लागणार?" आणि एकेकाचा घास हातातच राहिला.

'सगळं' म्हणजे काय काय, याची यादी ज्याने त्याने मनातल्या मनात केली. एक्झॉस्ट फॅनवरचा चिकट थर. माळ्याच्या कोपऱ्यातली कोळिष्टकं. आईच्या लग्नातल्या पितळी डब्याला पडलेला पोचा, जो भिंतीकडे तोंड करून बराच काळ उभा होता. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर बॉलपेनने काढलेलं विमान. बाल्कनीतली तुळस तर मूळची राहिलीच नव्हती. आई गावाला गेली असताना ती वाळली आणि तिच्या जागी त्याच उंचीची दुसरी येऊन बसली होती. आई रोज तिला पाणी घालत होती, दिवा लावत होती, आणि आम्ही रोज दुसरीकडे बघत होतो.

सगळ्यात आधी हादरल्या त्या आमच्याकडे केरफरशीला येणाऱ्या मावशी. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या, केरसुणी घेतली, आणि माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "ताई, आजींचं ऑपरेशन खरंच करायचंय का? वय किती झालं त्यांचं. कशाला त्रास द्यायचा जिवाला?" त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा कपाटाखालून केर काढला. त्यात माझं हरवलेलं एक पेन निघालं, दोन बटणं निघाली आणि मागच्या संक्रांतीचा हलवा निघाला.

बाबांचा विरोध वैचारिक स्वरूपाचा होता. "मोतीबिंदू पिकू द्यावा लागतो," ते म्हणाले. "घाई करून चालत नाही." एके काळी हे बरोबर होतं. आताचे डॉक्टर उलट सांगतात. फार पिकला की भिंगाचा गाभा टणक होतो आणि मग तो फोडायला यंत्राला जास्त जोर लावावा लागतो. हे डॉक्टरांनी बाबांना चित्र काढून समजावलं. बाबा मान डोलवत राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "तरी पण." या 'तरी पण'चं मूळ डोळ्यात नसून साखरेच्या डब्यात होतं. बाबांची साखर काठावर आहे. दुपारचा चहा ते स्वतः करून घेतात, बिनसाखरेचा. निदान अधिकृत भूमिका तशी आहे.

बायकोची काळजी जास्त खोल होती. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग नुसतं गढूळ होत नाही, ते पिवळट-तपकिरीही होत जातं. पांढरं पिवळसर दिसतं, निळा मळतो. हे डॉक्टरांकडून ऐकल्यावर तिला गेल्या काही वर्षांतले सासू-सुनेचे सगळे रंगवाद नव्याने आठवले. दिवाणखान्याच्या भिंतीला आई 'मातकट' म्हणते आणि शेडकार्डावर तो ऑफ-व्हाइट आहे. निळे पडदे आईच्या मते 'कसले तरी हिरवट' आहेत. या सगळ्या खटल्यांचा निकाल आता लागणार होता. मी तिला धीर द्यायला म्हणून क्लोद मोनेची गोष्ट सांगितली. या जगप्रसिद्ध फ्रेंच चित्रकाराला मोतीबिंदू झाला, तेव्हा त्याच्या बागेची चित्रं तांबूस-तपकिरी होत गेली. शेवटी 1923 मध्ये त्याने ऑपरेशन करून घेतलं आणि त्याला निळा परत दिसू लागला.

"त्याच्या घरात सून होती का?" बायकोने विचारलं.

होती. ब्लांश नावाची. म्हातारपणी तीच त्याची काळजी घ्यायची, आणि ती स्वतःही चित्रकार होती.

"मग बरं," बायको म्हणाली. "भिंती तिनेच रंगवून घेतल्या असतील."

त्यानंतर घरात साफसफाईची जी लाट आली ती दिवाळीलाही येत नाही. ऐन चैत्रात माळे रिकामे झाले. पितळी डबा कल्हईवाल्याच्या शोधात गेला. सोफ्यावर चादर पडली. आई खुर्चीत बसून या सगळ्या धावपळीकडे, म्हणजे धावपळीच्या दिशेने, कौतुकाने बघत म्हणाली, "माझ्या ऑपरेशनसाठी किती करताय रे सगळे!" आम्ही एकमेकांची नजर चुकवली.

पुढची पायरी फिटनेसची. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, फिजिशियनकडून बीपी, शुगर, ईसीजी करून आणा. आई ढाराढूर झोपून ताजीतवानी आली होती. बाबांनी रात्रभर इंटरनेट वाचलं होतं. डॉक्टरांनी आईचं बीपी घेतलं, तिशीतल्या माणसाला शोभेल असं निघालं. मग बाबांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पट्टा बाबांच्या दंडाला गुंडाळला, आकडा पाहिला आणि विचारलं, "ऑपरेशन नेमकं कुणाचं आहे?"

इंटरनेटवर बाबांना जे सापडलं ते त्यांनी चहाच्या वेळी हप्त्याहप्त्याने आईला ऐकवलं. पहिला हप्ता हॅरॉल्ड रिडली यांचा. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवरचं पर्स्पेक्स फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत जात, आणि डोळा ते कण मुकाट सांभाळून घेई, सूज नाही की ठणका नाही. हे रिडलींनी पाहिलं आणि 1949 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. तिथून आजची लेन्स आली.

"म्हणजे माझ्या डोळ्यात विमानाची काच बसणार?" आईने विचारलं.

"तसंच म्हणायचं."

"बरंय. जन्मात विमानात काही बसवलं नाहीत. निदान काच तरी."

दुसरा हप्ता चार्ल्स केलमन यांचा. न्यूयॉर्कचा हा डॉक्टर दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत पडला होता. दातावरचं किटण काढणारं, सूक्ष्म कंपनांनी चालणारं यंत्र तोंडात फिरताना त्याच्या डोक्यात आलं की याच युक्तीने मोतीबिंदू फोडून ओढून घेतला तर? 1967 मध्ये त्याने ते करून दाखवलं. आता दोन-अडीच मिलिमीटरची फट पुरते, टाकाही लागत नाही. बाबांना वाटलं, आई खूश होईल. आई म्हणाली, "दाताचं यंत्र डोळ्यात घालणार आणि तुम्ही बघत बसणार?" तिसरा हप्ता झाला नाही.

नातेवाइकांना कळवणं हे स्वतंत्र प्रकरण. आपल्याकडे छोटं ऑपरेशन कळवायचं नसतं, कारण मोठं असतं तर माणसं गप्प बसतात, छोट्याचा अनुभव प्रत्येकाला असतो. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं: "काही नाही हो, पंधरा मिनिटांचं काम." दुसरं वाक्य 'पण'ने सुरू होतं आणि पाऊण तास चालतं. एका मावशीचं म्हणणं, मोतीबिंदू थंडीतच काढावा, उन्हाळ्यात जखम पिकते. ऑपरेशन थिएटरला एसी असतो आणि तिथे बारा महिने एकच ऋतू असतो, हे सांगून झालं. मावशी म्हणाली, "घरी यायचंय ना पण?" एका काकांनी विचारलं, "लहान्यांना दाखवलं का?" महाराष्ट्रात मोतीबिंदूचा विषय निघाला आणि डॉ. तात्याराव लहान्यांचं नाव निघालं नाही असं होत नाही. लाखाच्या वर ऑपरेशनं त्यांच्या नावावर आहेत, 2008 साली पद्मश्री मिळाली, हे आम्हालाही माहीत आहे. पण काकांच्या बोलण्याचा सूर असा होता की आम्ही त्यांना मुद्दाम टाळतो आहोत.

एका चुलतभावाने सुश्रुत पाठवला. सुश्रुतसंहितेत गढूळ झालेलं भिंग सळईने बाजूला सारायची क्रिया सांगितली आहे, नंतर तुपाने भिजवलेली पट्टी आणि शिंक, खोकला, ढेकर यांना मनाई. आईने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. तिला एकच शंका होती: "ढेकर कशी काय थांबवायची?"

पण सगळ्यात मोठा दौरा झाला आत्याचा. तिच्या सासूबाईंचं ऑपरेशन जुन्या काळातलं. तेव्हा लेन्स बसवत नसत, नुसतं भिंग काढत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, मान हलवायची नाही, कूस बदलायची नाही, दिवसच्या दिवस पडून राहायचं. आणि मग जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. आत्या हे सगळं साभिनय सांगत होती. आई सुपारी कातरत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने आत्याला विचारलं, "मग त्यांना दिसायला लागलं का?" "तसं दिसायचं," आत्या म्हणाली, "पण तोपर्यंत आमची घडी बसली होती ना." या वाक्यावर घरातल्या प्रत्येकाने मनातून मान डोलावली.

लेन्स निवडायला हॉस्पिटलात एक वेगळी खोली होती. तिथे फाइल घेतलेली एक गोड बोलणारी मुलगी. मोनोफोकल, मल्टिफोकल, टोरिक, देशी, परदेशी. मोनोफोकलने लांबचं दिसतं, जवळचं वाचायला चष्मा लागतो. मल्टिफोकलने बरंचसं दोन्ही दिसतं, पैसेही बरेचसे लागतात. लेन्स मऊ असते, घडी करून आत घालतात, आत ती आपली आपण उलगडते, हेही तिने सांगितलं. आईने विचारलं, "चुणी पडली तर?" बाबांनी विचारलं, "गॅरंटी किती?" मुलगी म्हणाली, "लाइफटाइम." बाबा म्हणाले, "कुणाचं?"

मुलीने मल्टिफोकलच्या पानावर बोट ठेवलं. "आजींना जवळचं, लांबचं, सगळं स्वच्छ दिसेल. विणकाम करता येईल, लांबची पाटी वाचता येईल, सुईत दोरा ओवता येईल." आम्ही तिघांनी, मी, बायको आणि बाबांनी, एकाच वेळी म्हटलं, "साधी बसवा." मग मी घाईघाईने पुस्ती जोडली की मदुराईच्या ऑरोलॅबसारख्या संस्था 1992 पासून चांगल्या देशी लेन्स बनवतात, महाग तेच चांगलं असं काही नसतं. हे सगळं खरं आहे. त्या क्षणी मी ते त्यासाठी सांगितलं नव्हतं.

इकडे आईने स्वतःचा कार्यक्रम आखला होता. ऑपरेशननंतर काही दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, वाफेजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. डॉक्टरांनी ही पथ्यं सांगितली ती आईने 'आधी उरकायच्या कामांची यादी' म्हणून ऐकली. त्यामुळे ज्या बाईला विश्रांती द्यायची होती तिने आधीच्या दिवसांत अख्ख्या घराला कामाला जुंपलं. वर्षाचा गोडा मसाला भाजून झाला. दगडफुलाचा, खोबऱ्याचा, तिळाचा वास पार लिफ्टपर्यंत गेला. मग मिरच्या. मिरच्या भाजताना खिडक्या उघडल्या तरी पुरे पडेना. बाबा बाल्कनीत, मी जिन्यात, चिरंजीव शेजाऱ्यांकडे. ऑपरेशन एकीच्या डोळ्याचं आणि पाणी सगळ्यांच्या डोळ्यांतून. आई मात्र शेगडीपाशी पदर नाकाला लावून निवांत.

शेवटचं कलम कुरडया. त्यांना गहू तीन दिवस भिजवावे लागतात, रोज पाणी बदलून. ऑपरेशनच्या आधी डोळ्यात अँटिबायोटिकचे थेंब घालायचे तेही तीन दिवस, दिवसातून चार वेळा. या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सुरू झाल्या. बाबांनी कॅलेंडरच्या पाठीमागे दोन तक्ते आखले, एक 'डोळा' आणि एक 'गहू', आणि घड्याळात गजर लावले. एकदा सकाळी आठच्या गजराला त्यांनी गव्हाचं पाणी बदललं आणि डोळ्यासमोर खूण केली. आईने ते पकडलं, कारण तिचा डोळा कोरडा होता.

थेंब घालण्याचा सोहळा पाहण्यासारखा असे. आई खुर्चीत मान मागे टाकून बसे. बाबा चष्मा लावून, डाव्या हाताने तिची खालची पापणी ओढून, उजव्या हातातली बाटली नेम धरून पालथी करत. थेंब बाटलीच्या टोकाला जमे, लोंबे, सुटेसुटेसे होई, आणि नेमक्या त्या क्षणी आई डोळा मिटून तोंड उघडे. थेंब गालावर. "अगं, डोळा उघड म्हटलं, तोंड नाही." "अहो, आपोआप उघडतं ते." मग बायकोने चार्ज घेतला. तिने आईला वर छताकडे बघायला सांगितलं आणि एका झटक्यात थेंब आत. आई पापणी मिटून दोन मिनिटं बसली आणि म्हणाली, "छताला पोपडे आलेत का ग?" बायकोचा चेहरा उतरला. पोपडे आलेले होते.

तिसऱ्या दिवशी गहू वाटले, चाळणीतून गाळले, चीक खाली बसला. तो शिजवताना घोटायचं काम माझ्याकडे आलं. ज्यांनी हे केलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरून फिरवायचा, गाठ होऊ द्यायची नाही, आणि चीक जसजसा घट्ट होतो तसतसा तो दांडा आपल्याला फिरवायला लागतो. आई लांब खुर्चीवर. वाफेजवळ येऊ नको म्हणून मीच बजावलं होतं. "दाखव," ती म्हणाली. मी उलथन्याच्या टोकावर थोडा चीक नेला. तिने तो चिमटीत धरला, बोटांत फिरवला. "कच्चा आहे अजून." पाच मिनिटांनी परत. "आता झाला."

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून आणली होती. प्लॅस्टिकवर बायको सोऱ्याने कुरडया घालू लागली. आई छत्रीखाली स्टुलावर. दुसरी ओळ चालू असताना ती म्हणाली, "पहिल्या चार जाड आल्यात."

बायकोने चमकून बघितलं. पहिल्या चार जाड होत्या. "आई, तुम्हाला दिसलं?"

"दिसायला कशाला हवं? सोऱ्या दाबताना तू श्वास रोखतेस. पहिल्या चारांना रोखलाच नाहीस."

त्या दुपारी घरात वेगळी हवा होती. आम्ही प्रत्येक जण मागची काही वर्षं मनाशी चाळून बघत होतो. चार वाजता बाबा चहा करायला उठले. आई आपल्या खोलीत आडवी झाली होती. तिथूनच तिचा आवाज आला, "अहो, तुमचा तो बिनसाखरेचा चहा तुम्ही इतका वेळ ढवळता कशाला?"

बाबांनी चमचा हळूच ओट्यावर ठेवला. त्या दिवशी ते खरोखरच बिनसाखरेचा चहा प्यायले आणि औषध घेतल्यासारखं तोंड केलं.

मी धीर करून आईला तुळशीबद्दल विचारलं. म्हणजे थेट विचारलं नाही, तुळस या विषयावर आलो. "ही जरा बरी आहे," आई म्हणाली. "आधीचीची पानं चरचरीत होती." बस्स. पुढे ती नातवाच्या मुंजीकडे वळली.

आदल्या रात्री तिने डोकं धुऊन घेतलं, नखं कापली, काचेच्या बांगड्या उतरवून फडक्यात बांधल्या आणि घराचा कारभार सोपवायला सुरुवात केली. ऑपरेशन सकाळी, दुपारी जेवायला घरी. तरी लॉकरची किल्ली कुठे, दूधवाल्याचं देणं किती, विरजण कुठल्या भांड्यातलं लावायचं, फ्रीजमधली कोथिंबीर आधी जुनी संपवायची, हे सगळं मला सांगितलं गेलं. बाबा मेडिक्लेमची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. पॉलिसी घेताना एजंटने मोतीबिंदूला दोन वर्षं थांबावं लागेल म्हटलं होतं. ती वर्षं केव्हाच उलटली होती, पण बाबा दर अर्ध्या तासाने तारीख बघून खात्री करत होते. रात्री झोपायला जाताना ते आईच्या दाराशी थांबले. "भीती वाटते का?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला वाटत असेल तर इथेच झोपा," आई म्हणाली.

सकाळी निघताना शेजारच्या काकूंनी दहीसाखर आणली. डॉक्टरांनी हलका नाश्ता चालेल म्हणून सांगितलं होतं, पण ऑपरेशनला उपाशीपोटीच जायचं असतं अशी बाबांची खात्री होती. आईच्या सोबतीला म्हणून त्यांनीही काही खाल्लं नाही. आईने पोहे खाल्ले.

हॉस्पिटलात तिला हिरवा गाऊन घातला, केस टोपीत गेले. एवढीशी दिसायला लागली. नर्सबाई फाइल घेऊन आल्या. नाव विचारलं, जन्मसाल विचारलं, मग विचारलं, "आजी, कुठला डोळा?"

"उजवा," आई म्हणाली.

"डावा!" समोर उभे असलेले बाबा ओरडले. ते तिच्याकडे तोंड करून उभे होते आणि त्यांना तो तसाच दिसत होता. नर्सबाईंनी फाइल बघितली, उजव्या भुवईवर चिकटपट्टी लावली, परत फाइल बघितली आणि म्हणाल्या, "आजोबांना जरा बाहेर बसवता का?"

चाकाची खुर्ची वळली. दाराशी आईने हात वर करून ती थांबवली. आम्हाला वाटलं, आता काहीतरी म्हणणार. बाबा तर फाइल छातीशी धरून पुढेच सरकले.

"गच्चीवरच्या कुरडया उलटवल्या का कुणी?"

कुणीच उलटवल्या नव्हत्या. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी बाबांकडे, बाबांनी फाइलकडे. दार बंद झालं. मी घरी फोन लावला. चिरंजीवांना सुट्टी होती आणि कावळे हाकलायला त्याला गच्चीवरच बसवून आलो होतो. बऱ्याच रिंगांनंतर त्याने उचलला. तोंडात काहीतरी होतं.

"कुरडया उलटव," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. मग जरा थांबून, घास गिळून त्याने विचारलं, "बाबा, आजीने त्या मोजून ठेवल्यात का?"